मधल्या वेळातली मुलाखत

महिन्याच्या पहिल्या सोमवारी कॉलेज रेडिओच्या दारावर नवा तक्ता लागायचा, आणि तो लागला की साउंडकाका हातातलं काम टाकून आधी तो वाचायला जायचे. वाचायला म्हणजे चुका काढायला. या वेळी वर मोठ्या अक्षरांत 'आगामी मुलाखती' असं लिहून खाली चार गुरुवार मांडले होते. पहिल्या गुरुवारी पूल बांधणारे इंजिनिअर. दुसऱ्या गुरुवारी पियानो दुरुस्त करणारे एक गृहस्थ. तिसऱ्या गुरुवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टर. चौथ्या गुरुवारी आगीच्या बंबावर तीस वर्षं काढलेले ड्रायव्हर. प्रत्येक मुलाखत चाळीस मिनिटं आणि मागोमाग पाहुण्यांच्या आवडीचं संगीत वीस मिनिटं.

तिसरा गुरुवार वाचला आणि काका चुका काढायच्याच विसरले.

याचं कारण जगात फक्त काकांना माहीत होतं, निदान त्यांची तशी समजूत होती. गेले अकरा महिने त्यांना बारीक आवाज ऐकू येत नव्हते. उजवा कान जवळपास गेलेलाच होता. डावा मात्र ठणठणीत आहे, असं ते स्वतःला रोज सकाळी दाढी करताना सांगत. कॉलेजच्या रेडिओवर सव्वीस वर्षं आवाजाचं काम केलेला माणूस. अख्खं कॉलेज त्यांना साउंडकाका म्हणायचं, खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे उरलं नव्हतं. कुठलाही समारंभ असो, आधी स्टेजवर काका येणार आणि "हॅलो, एक दोन, एक दोन" म्हणणार, मगच पाहुण्यांनी तोंड उघडायचं. अशा माणसाला ऐकू येत नाही हे बाहेर फुटलं तर प्राचार्य त्यांना परीक्षा विभागात बसवतील, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला. मागे एका डोळे अधू झालेल्या ग्रंथपालांचं तेच झालं होतं. निवृत्तीला चार वर्षं होती. चार वर्षं सुतळीच्या गाठी मारायच्या, या कल्पनेनं काकांना घाम फुटायचा.

तोवर त्यांनी आपली व्यवस्था लावून घेतली होती. केंद्राच्या खोलीत आवाज दाखवणाऱ्या काट्यांचं मोठं यंत्र होतं, तांबडे-हिरवे दिवे होते. काटा कुठे नाचतो ते बघून काका काम रेटत होते. माइकसमोर बसणाऱ्यानं आपल्याकडे तोंड करूनच बोलायचं, असा त्यांनी नियम केला. पोरं म्हणाली, काका फार शिस्तीचे झालेत. दोन कार्यक्रमांच्या मधे वाजणारं संगीत निवडणं हे काकांचंच काम, तर त्यातून त्यांनी बासरी काढून टाकली. व्हायोलिन काढलं. नुसते ढोल, खर्जातले आवाज आणि घुमणारी तंतुवाद्यं. केंद्र एकदम भारदस्त झालं, असं एका प्राध्यापकांनी कौतुकानं सांगितलंही.

"तिसऱ्या गुरुवारी डोळ्यांचे डॉक्टर बघ की," काका मुकादमीणला म्हणाले. "डोळे म्हणजे लोकांच्या जास्त जिव्हाळ्याचा विषय."

मुकादमीण म्हणजे कार्यक्रमांची प्रमुख, तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. अंगानं काडी, पण चाळीस पोरांकडून वेळेवर काम काढून घ्यायची, म्हणून हे नाव. त्या नावाचा तिला राग नव्हता, उलट सहीखाली कंसात लिहायची.

"काका, आपण रेडिओ आहोत," ती म्हणाली. "आपला धंदा कानांचा. आणि बाईंचा होकार मिळवायला मला तीन आठवडे लागलेत. फक्त त्या इथे येऊ शकत नाहीत. दवाखाना सोडता येत नाही म्हणतात. त्याच आठवड्याच्या मंगळवारी दुपारी आपणच जायचं."

म्हणजे आणखीच पंचाईत. काट्यांचं यंत्र काही उचलून नेता येत नव्हतं. बाहेरच्या कामासाठी खिशाएवढं मशीन होतं, आणि ते वर्षभरात कोणी हातात धरलं नव्हतं.

बाहेरचं रेकॉर्डिंग करायची काकांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. मशीन समोर दिसलं की पाहुणे ताठ होतात, पुस्तकातल्यासारखं बोलायला लागतात. म्हणून मशीन कायम खांद्यावरच्या पिशवीत. टेबलावर फक्त छोटासा माइक, आणि त्याची वायर पिशवीत गेलेली. काका हात पिशवीत घालून न बघता बटण दाबायचे. चालू झालं की मशीन एकदा बारीक वाजायचं, बंद झालं की दोनदा. तेवढं त्यांना पुरे होतं. पंचवीस वर्षं पुरलं होतं.

मंगळवारी दुपारी दोघं बसनं दवाखान्यात पोचली. मांडीवर पिशवी घेऊन काका बसले होते, आणि गर्दीत कोणाचं तरी कोपर पिशवीवर आलं होतं. त्याकडे लक्ष द्यायचं काही कारण नव्हतं.

डॉक्टर पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, बोलायला गोड पण नजरेनं माणूस उलटापालटा करून बघणाऱ्या. मुकादमीणनं प्रश्नांचा कागद काढला, काकांनी पिशवीत हात घालून बटण दाबलं आणि मान हलवली. मुलाखत सुरू झाली, आणि झकास सुरू झाली. बाई हसवत होत्या, मधेच गंभीर होत होत्या. अर्ध्या तासानं नर्सनं दार उघडलं. एका लहान मुलीनं नाकात मणी घातला होता. काकांनी बटण दाबून मशीन थांबवलं. बाईंनी चिमट्यानं एका झटक्यात मणी काढला, मुलीनं भोकाड पसरलं, आईनं तिला उचलून बाहेर नेलं. मुकादमीण पाणी प्यायला बाहेर गेली. मग खोलीत डॉक्टर आणि काका दोघंच उरले. पाच-सात मिनिटांनी मुकादमीण परत आली, काकांनी पुन्हा बटण दाबलं, राहिलेले प्रश्न झाले, शेवटी बाईंनी आपल्या आवडीच्या संगीताची यादी दिली. निघताना त्या काकांना म्हणाल्या, "मी उद्या सकाळी परिषदेला जातेय. सोमवारी परत. सोमवारी नऊला तुम्ही या. नक्की या."

"बघू," काका म्हणाले.

परतीच्या बसमधून काका आपल्या घराशी उतरले. मुकादमीणला धीर निघत नव्हता, तिनं पिशवीच मागून घेतली. "आजच ऐकते," म्हणाली. काकांनी खुशाल देऊन टाकली. काम फत्ते झालं होतं.

बुधवारी अकराला काका केंद्रात आले तर मुकादमीण कॉम्प्युटरसमोर नुसती बसून होती. हेडफोन गळ्यात, चहा समोर गार झालेला.

"काका, मुलाखत नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे रेकॉर्डच झालेली नाही. बसचा सगळा प्रवास आहे. कंडक्टर आहे. नाकातला मणी आहे. परतीचा प्रवास आहे. मी घरी जाऊन मशीन काढलं तेव्हा ते चालूच होतं, त्यात माझी आईसुद्धा आहे. नाही ती फक्त मुलाखत."

काकांना एका क्षणात सगळा उलगडा झाला. जाताना बसमध्ये पिशवीवर दाब येऊन मशीन आपोआप चालू झालेलं. त्यांनी दवाखान्यात चालू केलं ते खरं तर बंद केलं. मग थांबवलं तेव्हा चालू झालं. मग उलट, मग पुन्हा उलट.

"पहिल्यांदा दोनदा वाजलं ना काका," मुकादमीण म्हणाली. "मी ऐकलं. मला वाटलं, तुम्ही इतकी वर्षं करताय, तुम्हाला माहीत असेल."

काका खुर्चीत बसले. दोन वेळा वाजलं हे तिनं ऐकलं होतं, आणि त्यांनी? त्यांनी एकदाही काही ऐकलं नव्हतं. बोटानं बटण दाबल्यावर आवाज येतो अशी सवय होती, आणि सवयीनं तो आल्यासारखा वाटला होता.

पण खरी धडकी वेगळीच होती. मुलाखत थांबलेली असताना मशीन चालू होतं. म्हणजे मधला वेळ सगळा त्यात होता.

"मणी काढल्यानंतरचं... तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"सगळं?"

"दोनदा ऐकलं, काका." ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "आधी तुमचा इतका राग आला की सांगता सोय नाही. तीन आठवडे मी त्या बाईंच्या मागे होते. रोज सहा वेळा घोषणा करतोय आपण. प्राचार्य स्वतः ऐकणार आहेत उद्या. आणि मग ते मधलं ऐकलं. बासरी बंद झाली तेव्हाच मला शंका आली होती. महिन्याची संगीताची यादी मीच टाइप करते ना. आठ महिन्यांत एक बासरी नाही."

काकांनी तिचा गार झालेला चहा बाजूला सरकवला.

"मी काय म्हणते," मुकादमीण खुर्ची ओढून समोर आली. "मी सांगते, माझ्या हातून पुसलं गेलं. मी विद्यार्थिनी आहे, फार तर झाडतील. एखादा महिना पद काढून घेतील. तुमचं नाव कशाला मधे? उद्या नुसतं बाईंचं संगीत लावू."

काकांना इतकं हायसं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. नको म्हणायला हवं होतं. ते त्यांनी म्हटलं नाही. पोरगी हुशार आहे, तरुण आहे, तिला काय, चार दिवसांत सगळे विसरतील, असं मन पटापट हिशेब मांडायला लागलं.

"लाव बघू ते," ते म्हणाले. "कुणी चुकून ऐकलंच तर माझा आवाज ओळखू येतो का, बघतो."

तिनं लावलं. काकांनी हेडफोन डाव्या कानावर घट्ट दाबून धरले आणि समोरचा काटा बघत बसले.

"कधीपासून?" डॉक्टरांचा आवाज.

"काय कधीपासून?"

"उजव्या कानाचं. आल्यापासून मान वळवून डावा पुढे करताय."

मग त्यांचा स्वतःचा आवाज, त्यांनाच परका वाटणारा. वर्ष होत आलं. आधी दाराची बेल गेली. मग पाखरं. मग बासरी. पहिल्यांदा वाटलं, बासरीवालाच वाईट आहे. घरी सांगितलेलं नाही. कॉलेजात तर नाहीच नाही.

"का?" डॉक्टर.

"आमच्या प्राचार्यांना कळलं तर दुसऱ्या दिवशी गठ्ठे बांधायला बसवतील. आणि त्यांचं चुकणारही नाही हो. आवाजाच्या खोलीत बहिरा माणूस कोण ठेवेल? मी नसता ठेवला. पण मला दुसरं काही येत नाही, मॅडम. मला त्या खोलीतून उठवलं तर मी कोण, हे मलाच सांगता यायचं नाही."

"आणि डावा?"

"डावा एकदम फर्स्ट क्लास. डाव्यावर चार वर्षं सहज निघतील."

खुर्ची सरकल्याचा घरघरता आवाज. पाणी पडल्याचा आवाज. हे काकांना आठवत होतं. बाई उठून त्यांच्या पाठीमागच्या बेसिनवर हात धुवायला गेल्या होत्या. पाणी थांबलं. मग त्या टॉवेलला हात पुसत असणार. तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं. काका भिंतीवरचं कानाचं रंगीत चित्र बघत बसले होते, चांगलं आठवत होतं.

पण काटा हलला.

थोडा हलला, थांबला. मग पुन्हा हलला, या वेळी जरा जास्त. काकांनी हेडफोन आणखी दाबले. काही नाही. त्यांनी काट्याकडे बघितलं, मुकादमीणकडे बघितलं. ती मान खाली घालून नखं बघत होती.

"इथे काय आहे?" काकांनी विचारलं.

"काही नाही, काका."

"काटा खोटं बोलत नाही. काय आहे इथे?"

ती त्यांच्याकडे वळली. "बाई आकडे म्हणतायत. मागून. सात, चार, नऊ. हळू आवाजात. मग थांबल्या आणि तेच पुन्हा म्हणाल्या, मोठ्यानं. म्हणजे, बऱ्यापैकी मोठ्यानं."

हेडफोनमधून काकांचा स्वतःचा आवाज आला, अगदी उत्साही: "आली वाटतं आमची मुकादमीण! करतो मशीन चालू."

काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खोलीत कोणीच बोललं नाही, किंवा बोललं असलं तरी त्यांना कळलं नाही. डावाही गेला होता. म्हणजे जात होता, त्यांच्या देखत, त्यांच्या नाकावर टिच्चून. आणि ते रोज सकाळी दाढी करताना त्याला फर्स्ट क्लास देत होते. त्यांना खूप भीती वाटली. लहानपणी जत्रेत आईचा हात सुटला होता, त्यानंतर इतकी कधी वाटली नव्हती.

हेडफोनची वायर गुंडाळत ते म्हणाले, "रेकॉर्डिंग चांगलं आलंय."

"काका?"

"माइक बरोबर ठेवला होता मी. दोघांचे आवाज स्वच्छ आहेत, मधे श्वास आहेत, पाणी आहे. प्रश्न थोडे आहेत, उत्तरं खरी आहेत. मुलाखत म्हणून बघितलं तर तुझ्या त्या कागदावरच्या चोवीस प्रश्नांपेक्षा बरी आहे. राग मानू नकोस."

मुकादमीण त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळतंय ना? तुमचा आवाज कॉलेजातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. एक दोन, एक दोन ऐकून सगळे मोठे झालेत."

"ओळखू दे. तू आज माझ्यासाठी नाव खराब करून घेशील, आणि मी महिन्याभरात पुन्हा सापडेन. तेव्हा कोण घेईल अंगावर? रोज एकेक पोर पकडून आणू का?" काका उठले. "बाईंना फोन लाव. त्यांना चालत असेल तर हेच लावायचं. आणि तूच बोल. मला फोनवरचं नीट कळत नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं.

डॉक्टर परिषदेच्या ठिकाणी जेवत होत्या. सगळं ऐकून त्या आधी मनापासून हसल्या, मग म्हणाल्या, "त्यांची हरकत नसेल तर माझी कसली?"

"आकडे कापू का?" फोन ठेवल्यावर मुकादमीणनं विचारलं.

"नको. जसं आहे तसं."

त्या संध्याकाळी काकांनी बायकोला सांगितलं. उद्या रेडिओवर ऐकण्यापेक्षा आज आपल्याच तोंडून ऐकलेलं बरं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिनं हातातली घडी पुरी केली.

"मग मी वर्षभर स्वयंपाकघरातून उठून तुमच्यासमोर येऊन बोलत होते, ते काय हौस म्हणून?" ती म्हणाली.

काकांना वाटत होतं, उतारवयात बायकोची माया वाढली आहे. तसं त्यांनी तिला सांगितलं नाही.

गुरुवारी पाच वाजता तांबडा दिवा लागला. मुकादमीणनं माइकसमोर बसून, काकांकडे तोंड करून, सरळ सांगितलं की डॉक्टरांची जाहीर केलेली मुलाखत मशीनच्या गोंधळामुळे रेकॉर्ड झाली नाही, आणि जी रेकॉर्ड झाली ती आता दोघांच्या परवानगीनं ऐकवत आहोत. काकांनी आवाजाची पट्टी वर सरकवली. पुढची सात मिनिटं ते काट्याकडे बघत राहिले. बाहेर कँटीनच्या स्पीकरसमोर बसलेली पोरं बोलायची थांबली, हे त्यांना काचेतून दिसलं. एक जण अर्धवट उठला होता, तो तसाच राहिला. आकड्यांच्या ठिकाणी काटा दोनदा हलला आणि काकांनी पट्टीला हात लावला नाही.

मग डॉक्टरांच्या आवडीचं संगीत सुरू झालं. पहिलीच बासरी होती. काकांना ती ऐकू आली नाही, पण त्यांनी आवाजाची पातळी बरोबर धरली.

बासरी चालू असतानाच फोनचा दिवा लुकलुकला. मुकादमीणनं उचलला, ऐकलं आणि ताठ झाली. "सर," ती म्हणाली. प्राचार्य केंद्रावर फोन करत ते फक्त कोणाला तरी झापायला. ती बराच वेळ ऐकत होती. मग तिनं फोनवर हात ठेवला, आणि तिचा चेहरा काहीतरी विचित्रच झाला होता, रडू आणि हसू एकाच वेळी येऊ पाहतंय तसा.

"काय म्हणतायत? बोल. गठ्ठे ना?"

"गठ्ठ्यांचं काही बोलले नाहीत," ती एकेक शब्द सुटा करून, त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली. "म्हणतायत, कार्यक्रम चांगला झाला. पण पाणी थांबल्यावर तुमच्याकडचा आवाज थोडा वेळ गेलाच होता. पार शांतता होती. मशीन एकदा तपासून घ्या म्हणतायत."

काकांना समजायला वेळ लागला. मग समजलं. ते तिच्याकडे बघत राहिले, ती त्यांच्याकडे.

"आवाज गेला नव्हता. तिथे बाईंचे आकडे होते," काका म्हणाले.

"मला माहितेय. त्यांना काय सांगू?"

काकांनी हात पुढे केला. तिनं फोन दिला. त्यांनी तो डाव्या कानाला लावला, घसा साफ केला, आणि स्टेजवर बोलायचे त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "सर, मशीन ठीक आहे. मी सोमवारी नऊला त्या डॉक्टरांकडे जातोय. तुम्ही येता का बरोबर?"

पलीकडे काहीच ऐकू आलं नाही. प्राचार्य गप्प होते की बोलत होते, हे काकांना कळेना. ते फोन तसाच धरून उभे राहिले. शेवटी त्यांनी तो मुकादमीणच्या कानाला लावला.

तिनं ऐकलं.

"विचारतायत," ती म्हणाली, "इथून कितीला निघायचं."